जुनं मॅसी 1035 विकून नवं 45 एचपीचं घ्यावं का?

तुमचं म्हणणं असं, की मोहोळच्या काळ्या रानात दोन फाळी पलटी नांगर लावला की ट्रॅक्टर काळा धूर ओकतो, दबतो, आणि डीलर म्हणतो, "भंगारात घाला." डीलर दुसरं काय म्हणणार? त्याला नवा खपवायचाय.

नांगराला लागतो तो टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर. मॅसीचं तीन सिलिंडरचं ते सिम्पसन इंजिन कमी आरपीएमलाच जोर धरतं. नीट राखलेलं असलं तर दोन फाळी ओढताना रडत नाही.

काळा धूर म्हणजे डिझेल भरपूर, हवा कमी. आधी एअर क्लीनर, म्हणजे इंजिनात जाणारी हवा ऑइलमधून गाळणारा डबा, बघा. इंजिन बंद करून क्लॅम्प सोडा, बाऊल खाली घ्या. सोलापूरच्या उन्हाळी नांगरटीत तळाशी बोटभर चिखल साचलेला असतो, वर नावाला ऑइल. चिखल खरवडा, बाऊल आणि वरची जाळी डिझेलने धुवा, इंजिनचंच ऑइल खुणेपर्यंत भरा. खुणेच्या वर नको. जादा ऑइल इंजिन ओढून घेतं आणि रेस हाताबाहेर जाऊ शकते. धुळीत काम चालू असेल तर हे रोज बघायचं. क्लीनरपासून मॅनिफोल्डपर्यंतचा (इंजिनात हवा शिरते तिथपर्यंतचा) रबरी पाइप चिरलेला असेल तर धूळ थेट आत जाते आणि रिंगा-लायनर खलास. त्यानंतर टॅपेट (व्हॉल्व्हची फट), मग डिझेल फवारणारे नोझल स्टँडवर तपासून घ्या, डिझेल पंप सगळ्यात शेवटी.

पंपाचं सील तोडून डिझेल वाढवून देणाऱ्या मिस्त्रीला दारात उभं करू नका. "दम वाढला" म्हणणारे चिक्कार भेटतील. वाढतो तो धूर आणि सायलेन्सरची उष्णता, मग पिस्टन जातो. ही मंडळी ऐकत नाहीत, पण गणित साधं आहे: हवा तेवढीच आहे, जादा डिझेल जळणार कशावर?

इंजिन ठीक असूनही चाक जागीच फिरत असेल तर स्लिप, म्हणजे चाक किती घसरतं ते मोजा. मागच्या टायरवर खडूची खूण करा. नांगर उचलून चाकाचे 10 फेरे किती फूट जातात ते मोजा, मग नांगर लावून तेच 10 फेरे. 100 फुटांचे 85 झाले तर स्लिप 15 टक्के, तिथपर्यंत चालतं. त्यापुढे वजन हवं. मागच्या टायरचा व्हॉल्व्ह वर आणून त्याच्या पातळीपर्यंत ट्यूबमध्ये पाणी भरा, साधारण 75 टक्के भरते.

आणि लिफ्ट ड्राफ्टवर चालवा, म्हणजे ओढ वाढली की नांगर आपोआप उचलणाऱ्या लिव्हरवर. निम्मे लोक पोझिशनवरच, म्हणजे नांगर एकाच उंचीला धरणाऱ्या लिव्हरवर नांगरतात. 1936 च्या फर्ग्युसन-ब्राउन ट्रॅक्टरपासून या घराण्याची खरी ताकद हीच: जमीन कडक लागली की टॉप लिंक (नांगराला वरून ट्रॅक्टरशी जोडणारा दांडा) ट्रॅक्टरच्या मागची स्प्रिंग दाबते, लिफ्ट नांगर जरासा उचलते आणि त्याचा भार मागच्या चाकांवर येतो. टॉप लिंकचं ब्रॅकेट हाताने हलवा. पुढे-मागे खेळ लागला तर ड्राफ्ट उशिरा ऐकतो. तो खेळ काढून घ्या.

हां, सहा फुटी रोटाव्हेटर चालवायचा असेल तर मात्र 45 एचपीचंच घ्या. उसाच्या दोन ट्रॉल्या जुन्या ब्रेकवर रस्त्याला नेऊ नका. ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) भकाभका धूर येत असेल तर आधी इंजिन उतरवून दुरुस्त करण्याचा खर्च विचारा. आरसीला 15 वर्षं झाली असतील तर नूतनीकरणही बघून ठेवा.