सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरची रोजची कुरकुर आणि थट्टामस्करी कशी बंद करावी?

बंद करू नका.

तुम्ही लिहिलंय की तुम्ही नुकतेच कमिटीत आला आहात. ग्रुपवर दिवसभर पाणी, पार्किंग, कुत्री, लिफ्ट यांची रडगाणी चालतात, त्यावर बाकीचे फिरक्या घेतात आणि कामाची सूचना त्यात बुडून जाते. म्हणून 'फक्त ॲडमिनच मेसेज पाठवू शकतील' अशी सेटिंग करावी का, असा तुमचा विचार चाललाय. ते बटण दाबू नका. आमच्याकडे, नाशिकला इंदिरानगरमध्ये, ते दाबलं गेलं होतं आणि त्याचे परिणाम मी डोळ्यांनी बघितलेत.

मी इतक्या ठामपणे बोलतोय त्याला कारण आहे. माझी सगळी नोकरी अंबडच्या एमआयडीसीत मेंटेनन्सला गेली. प्रेसवरचा ऑपरेटर ब्रेकडाऊन स्लिप कधी भरतो? मशीन बंद पडल्यावर. पण त्याच्या आधी आठवडाभर तो चहाच्या वेळी कुरकुरत असतो. 'आज बाई रुसलीय', 'नुसती करकर लावलीय सकाळपासून', 'हिला रजा द्या, नाहीतर मला द्या'. नवे इंजिनिअर हसायचे आणि ग्लास ठेवून निघून जायचे. आमचा जुना फोरमन मात्र विचारायचा, 'करकर चालू करतानाच होते, की तापल्यावर?' चालू करताना असेल तर आधी बेल्ट बघायचा, तापल्यावर असेल तर बेअरिंग आणि ग्रीस. कागदावर काहीही नसताना त्या माणसानं निम्मे ब्रेकडाऊन होण्याआधीच पकडले. मी त्याच्याच हाताखाली शिकलो, आणि कुरकुर ऐकणं हे मी आजही कामातलं पहिलं काम मानतो.

नाशिकच्या माणसाला हे समजायला जड जाऊ नये. गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं याचा आकडा दर पावसाळ्यात जाहीर होतो. पण गंगेला, म्हणजे गोदावरीला, पाणी वाढलं की गावात एकच प्रश्न असतो, नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठपर्यंत आलं? गुडघ्याला म्हटलं तर घाटावरच्या टपऱ्या आधीच हललेल्या असतात. छातीला म्हटलं की सराफ बाजारातले दुकानदार खालच्या कप्प्यातला माल वर काढायला लागतात. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये तर मारुती अख्खा पाण्याखाली गेला होता. क्युसेकचा आकडा किती जणांच्या लक्षात आहे? मारुती सगळ्यांच्या आहे. लोक आपली माहिती आपल्या पद्धतीनं देतात आणि आपल्या पद्धतीनं घेतात.

आता आमच्या सोसायटीचं. दोन विंग, पाच मजले, वरती टाकी, खाली हौद. तळमजल्यावर एक आजी राहतात. त्यांना टाइप करायला जमत नाही, म्हणून त्या व्हॉइस मेसेज टाकतात. एके सकाळी त्यांचा मेसेज आला, 'काल रात्री पुन्हा आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीत कुणीतरी अंघोळ करत होतं बाई. बादली नाही, तांब्या नाही, नुसतं पाणी.' झालं, सगळे सुटले. एकानं लिहिलं, 'आजी, भिंतीला साबण ठेवा.' दुसऱ्यानं लिहिलं, 'रामकुंडाची शाखा उघडली आपल्याकडे.' सेक्रेटरींनी लिहिलं, 'कृपया कामाचं बोला.'

दोन-तीन दिवसांनी चौथ्या मजल्यावरचा मुलगा, जो रात्रपाळीत लॅपटॉपवर काम करतो, त्यानं लिहिलं, 'रात्री अडीचला पंप घुरघुरतोय. वॉचमनकाकांना सोबत लागते का?' आणि लगेच दुसऱ्या दिवशी पाचव्या मजल्यावरच्या वहिनी, 'गच्चीत पापड वाळत घातले होते, जाऊन बघते तर पोहतायत. आता धबधबा बघायला सोमेश्वरला जायला नको.' पुन्हा हसण्याच्या चेहऱ्यांची रांग, आणि पुन्हा सेक्रेटरींचं 'कृपया'.

मी ते तिन्ही मेसेज एकाखाली एक वाचले. भिंतीत पाण्याचा आवाज, अवेळी चालणारा पंप, गच्चीत पाणी. चहाच्या वेळची कुरकुर ऐकायची सवय असलेल्या माणसाला आणखी काय हवं? संध्याकाळी त्या मुलाला घेऊन गच्चीत गेलो. टाकीचं झाकण सरकवलं आणि टॉर्च मारला. टाकी काठोकाठ भरलेली. फ्लोट स्विचचा गोळा पाण्यावर तरंगत असायला हवा, तो खोल पाण्यात लटकलेला दिसला. त्याच्या केबलनं भरणाऱ्या पाइपला वेढे घेतले होते, त्यामुळे तो वर येऊच शकत नव्हता. म्हणजे पंप आपोआप चालू-बंद करणाऱ्या कंट्रोलरच्या दृष्टीनं टाकी कायम रिकामी. हौदातलं पाणी संपलं की पंप बंद पडायचा आणि रात्री नळाला पाणी येऊन हौद भरला की पुन्हा सुरू. वरचं जादा पाणी थोडं गच्चीत सांडायचं आणि बाकीचं ओव्हरफ्लोच्या पाइपनं डक्टमधून खाली जायचं. पहिल्या मजल्याच्या खाली त्या पाइपचा एल्बो, म्हणजे वळणावरचा जोड, निखळला होता. तिथून ती धार थेट आजींच्या भिंतीवर.

वेढे सोडवले, केबल पाइपपासून लांब बांधली, प्लंबरला बोलावून एल्बो बसवून घेतला. खर्च किरकोळ. पण तो फ्लोट तसाच राहिला असता तर पाणी गेलं असतं, विजेचं बिल वाढलं असतं आणि भिंतीला बुरशी धरली असती ती वेगळीच. उन्हाळ्यात आपल्याकडे 'सकाळी कमी दाबाने पाणीपुरवठा होईल' हे वाक्य लोकांना पाठ झालेलं असतं, आणि इथे टाकीतलं पाणी डक्टमध्ये चाललं होतं. लेखी तक्रार एकही आलेली नव्हती. रजिस्टर कोरं होतं. हे सगळं फक्त थट्टेत नोंदलेलं होतं.

मी गच्चीतला फोटो ग्रुपवर टाकला आणि आजींचे, वहिनींचे, त्या मुलाचे आभार मानले. त्यावर कुणीतरी लिहिलं, 'नव्या कंट्रोलरला नारळ फोडायचा राहिला वाटतं.' तो कंट्रोलर सेक्रेटरींनी वर्गणी काढून बसवला होता. त्यांना ते लागलं. त्याच रात्री ग्रुप बंद झाला आणि वर सूचना आली, हा ग्रुप केवळ सूचनांसाठी आहे.

तिथून पुढे तोंड दाबून बुक्क्यांचा मार. बी विंगच्या लिफ्टचं दार तिसऱ्या मजल्यावर पहिल्यांदा नीट लागेना. दोनदा ढकललं की लागायचं. ते सगळ्यांना माहीत होतं. मला नव्हतं, कारण मी ए विंगमध्ये राहतो. सेक्रेटरींनाही नव्हतं, कारण तेही ए विंगमध्ये. ग्रुप चालू असता तर 'आमच्या लिफ्टला लाजायला झालंय' असलं काहीतरी पहिल्याच दिवशी आलं असतं. आलं नाही. एका दुपारी दुसऱ्या मजल्यावरच्या काकू भाजीच्या पिशव्या घेऊन दोन मजल्यांच्या मध्ये अडकल्या. वीज होती, लिफ्ट जागची हलेना. मेकॅनिक आला, त्यानं दाराच्या खालच्या खाचेतला खडीचा चुरा काढला, दाराच्या लॉकचा काळा पडलेला कॉन्टॅक्ट हातावर ठेवून दाखवला आणि म्हणाला, हे आजचं नाही, दार त्रास देत असणार बरेच दिवस, कुणी बोललं कसं नाही? कुठे बोलणार होते?

तुम्ही म्हणाल, फोन करता आला असता. आमचे सेक्रेटरीही हेच म्हणतात. फोन करणं म्हणजे तक्रार करणं, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांत तक्रार करायला माणूस दहा वेळा विचार करतो. दार दोनदा ढकलावं लागतं एवढ्यासाठी कोण कुणाला फोन करतं? पण हसत हसत तो तेच बोलून जातो. थट्टेचा हा उपयोग फार मोठा आहे. पार्किंगचं घ्या. 'तुमच्या मुलानं माझ्या जागेत गाडी लावली' असं लिहिलं की दोन घरांचं बोलणं तुटतं. 'आमच्या पार्किंगला पाहुणे आलेत, चहा पाठवू का?' असं लिहिलं की गाडी मुकाट्यानं हलते, आणि संध्याकाळी दोघं जिन्यात भेटले तर बोलतात. लेकी बोले सुने लागे ही पद्धत आपल्या लोकांनी भांडण टाळण्यासाठीच शोधलेली आहे.

आणि बटण दाबून कुरकुर थांबते हा समज तर सोडूनच द्या. आमच्याकडे बी विंगचा वेगळा ग्रुप झाला, बायकांचा वेगळा झाला, पार्किंगवाल्यांचा वेगळा झाला. कुरकुर सगळी तिथे गेली. फरक एवढाच की जो माणूस ती ऐकून काही करू शकत होता, तो एकाही ग्रुपमध्ये नव्हता. भाषाही बदलली. आधी सेक्रेटरींच्या समोर नारळाचा विनोद झाला होता. आता त्यांच्या मागे त्यांच्या घरच्यांवर बोलणं सुरू झालं. ते मला अजिबात आवडलं नाही आणि मी तिथे तसं लिहिलंही.

सेक्रेटरींशी माझा पार्किंगमध्ये उभ्या उभ्या वाद झाला. त्यांचं पहिलं म्हणणं, ग्रुपवर कुणी काही वाकडं लिहिलं तर ॲडमिनला तुरुंगात जावं लागतं. हे चुकीचं आहे, आणि तुम्हालाही कुणी या कारणानं घाबरवत असेल म्हणून मुद्दाम लिहितो. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्पष्ट सांगितलंय की सदस्यानं टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल केवळ ॲडमिन आहे म्हणून कुणाला जबाबदार धरता येत नाही. दोघांचा मिळून तसा हेतू किंवा आधीच ठरलेला बेत असल्याचं दिसलं तर गोष्ट वेगळी. २०२२ पासून तर ॲडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो. एक वाईट मेसेज काढायची सोय असताना अख्ख्या इमारतीचं तोंड कशाला बंद करायचं?

त्यांचं दुसरं म्हणणं, शिस्त लागते. रजिस्टर कोरं असणं ही शिस्त असेल तर बंद पडलेल्या कारखान्याइतकी शिस्त कुठेच नसते.

तुमच्या मूळ प्रश्नाचं थोडक्यात सांगतो. सूचनांसाठी वेगळा ग्रुप करा, तिथे फक्त कमिटी लिहील, आणि गप्पांचा ग्रुप उघडा ठेवा. महत्त्वाची सूचना पिन करा. गुड मॉर्निंगची फुलं, राजकारणाचे फॉरवर्ड, काढ्याचे नुसखे हे मात्र खुशाल बंद करा. त्यात ना माहिती असते ना विनोद, आणि खऱ्या सूचना बुडतात त्या यांच्यामुळेच. कुरकुरीला मात्र कमिटीतल्या कुणीतरी त्याच दिवशी उत्तर द्यायचं. 'बघतो' एवढंही चालेल, पण मग बघायचं. वॉचमन, कामवाल्या मावशी, कुणाचं आजारपण, जात, कुणाची मुलगी कधी येते-जाते, यावरची थट्टा पहिल्या मेसेजलाच काढून टाका. तिथे लाड नकोत. काही लोक फक्त एकाच माणसाला टोचत राहतात, त्यांना फोन करून थांबवा. आणि सेक्रेटरी हा बिनपगारी माणूस असतो हेही लोकांना अधूनमधून सांगत जा. आमचे सेक्रेटरी प्रामाणिक आहेत, हिशेब चोख ठेवतात, लिफ्टवाल्याच्या मागे लागून त्यांनी ते दार त्याच आठवड्यात नवीन करून घेतलं. हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलंय आणि इथेही लिहितोय.

सध्या आमचा ग्रुप पुन्हा उघडलाय, पण 'थट्टा नको' असा नियम लावून. त्यामुळे तिथे कुणी काही लिहीत नाही. आजींचाही व्हॉइस मेसेज येत नाही. सेक्रेटरी म्हणतात, बघा, शांतता झाली. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते. विषयपत्रिकेत घालण्यासाठी मी लेखी विषय दिलाय: ग्रुपवर सदस्यांना मोकळेपणाने लिहू द्यावं, आणि तिथे आलेली प्रत्येक अडचण कमिटीनं स्वतः रजिस्टरमध्ये नोंदवावी. आजींची आणि पापडवाल्या वहिनींची त्यावर सही आहे. बी विंगच्या काकू सभेत स्वतः बोलणार आहेत.