उतार नदीचा, भरवसा वाऱ्याचा

वाचकांचे प्रश्न : सायकलप्रवास

प्रश्न : आम्ही पती-पत्नी पन्नाशी ओलांडलेले असून दोघेही रोड बाइक (अरुंद टायरची वेगवान सायकल) चालवतो. दिवसाला पन्नास-साठ किलोमीटर आम्हांला जड जात नाहीत. चढ मात्र नकोसा वाटतो. युरोपातील एखाद्या नदीच्या खोऱ्यातून, जुनी गावे पाहत, आठवडाभराचा प्रवास करावा असे मनात आहे. डॅन्यूबकाठी जर्मनीतील पासाउ ते ऑस्ट्रियातील व्हिएन्ना आणि फ्रान्समध्ये लुआरकाठी ऑर्लेआँपासून समुद्राच्या दिशेने, असे दोन मार्ग डोळ्यांसमोर आहेत. प्रवाहाच्या दिशेने गेले की सायकल उताराने आपोआप चालते, असे अनेकांनी सांगितले. त्यावर विसंबून निर्णय घ्यावा का?

उत्तर : नदीकाठच्या रस्त्याला उतार असतो हे खरे आहे, परंतु तो सायकलला जाणवेल इतका नसतो. पासाउला डॅन्यूबची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे २९० मीटर आहे आणि व्हिएन्नाला सुमारे १६० मीटर. म्हणजे ३२० किलोमीटरांच्या सायकलमार्गात एकूण उतार १३० मीटरांच्या आसपास. किलोमीटरमागे जेमतेम ४० सेंटिमीटर. टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणाच्या दहाव्या हिश्श्याइतकी मदतही या उतारातून मिळत नाही. शिवाय ऑस्ट्रियातील डॅन्यूब ही आता बरीचशी पायऱ्यापायऱ्यांची नदी झालेली आहे. तिच्यावर ठिकठिकाणी जलविद्युत केंद्रांचे बंधारे आहेत, आणि नदीचा उतार त्या बंधाऱ्यांपाशीच एकवटलेला आहे. दोन बंधाऱ्यांच्या मधले पाणी आणि त्याच्या कडेचा रस्ता जवळजवळ सपाट असतो.

निर्णय घ्यायचा तो वारा पाहून. मध्य व पश्चिम युरोपात बहुतेक दिवस वारा पश्चिमेकडून येतो. हवेचा अवरोध सापेक्ष वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे त्याचा हिशोब फार निष्ठुर आहे. आपण ताशी २० किलोमीटर वेगाने जात आहात आणि समोरून ताशी १५ किलोमीटरचा वारा आहे असे धरा. हवेच्या दृष्टीने आपण ताशी ३५ किलोमीटरने धावत आहात, आणि अवरोध शांत हवेच्या तिप्पट झालेला आहे. तोच वारा पाठीवर घेतला, तर सापेक्ष वेग केवळ पाचाचा उरतो आणि अवरोध सोळाव्या हिश्श्यावर येतो. चढ डोळ्यांना दिसतो म्हणून सगळे त्याच्या नावाने खडे फोडतात. वारा दिसत नाही, म्हणून त्या दिवशी आपलीच तब्येत बरी नसावी असे वाटत राहते.

आता आपले दोन मार्ग पाहा. डॅन्यूब या टप्प्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते; तेथे प्रवाह आणि वारा दोघेही एकाच बाजूचे. लुआर मात्र ऑर्लेआँच्या पुढे पश्चिमेकडे, अटलांटिक महासागराकडे जाते. तेथे ‘प्रवाहाबरोबर’ जाणे म्हणजे दिवसचे दिवस वाऱ्याला छाती देणे होय. म्हणून लुआर निवडलीत, तर नाँतहून किंवा आँजेहून निघून सोम्यूर, तूर, आँब्वाझ, ब्लुआ असे करत ऑर्लेआँला पोहोचावे. पुस्तकी अर्थाने हा प्रवास चढाचा असेल, परंतु नाँतपासूनच्या चारशेच्या आसपास किलोमीटरांत साधारण शंभर मीटर चढलो, हे पायांना कळणारही नाही. गंमत अशी की हे दोन्ही मार्ग युरोव्हेलो ६ या एकाच लांबलचक सायकलमार्गाचे भाग आहेत. तो अटलांटिकच्या किनाऱ्यावर सुरू होऊन काळ्या समुद्रापर्यंत जातो.

पहिल्या प्रवासासाठी माझा कौल डॅन्यूबला आहे. पासाउ ते व्हिएन्ना हा रस्ता बहुतेक डांबरी आहे, खुणा स्पष्ट आहेत आणि मुक्कामाची गावे आपल्या शक्तीनुसार बरोबर अंतरावर येतात : श्ल्योगन, लिंझ, ग्राइन, मेल्क, क्रेम्स, टुल्न आणि व्हिएन्ना. सुरुवातीला पासाउसाठी एक पूर्ण दिवस राखून ठेवा. डॅन्यूब, इन आणि इल्झ या तीन नद्यांचा संगम तेथे आहे. आल्प्समधून येणारी इन हिरवट आणि दलदलींतून येणारी इल्झ काळसर, त्यामुळे तिन्ही पाण्यांचे रंग मिसळण्यापूर्वी वेगवेगळे दिसतात. नगरभवनाच्या भिंतीवर जुन्या पुरांच्या खुणा कोरलेल्या आहेत. २०१३ सालच्या जूनमध्ये या शहराने १५०१ नंतरचा सर्वांत मोठा पूर पाहिला. आल्प्समधील बर्फ वितळण्याचा आणि मोठ्या पावसाचा काळ एकत्र आला की काठालगतचे मार्ग बंद होतात, म्हणून निघण्यापूर्वी नदीच्या पातळीची चौकशी करण्याची सवय ठेवावी. मे महिना किंवा सप्टेंबर मला सर्वांत सोयीचा वाटतो.

श्ल्योगनजवळ नदी ग्रॅनाइटच्या डोंगरात अडून जवळजवळ उलटी फिरते. त्या वळणावर डाव्या काठाने सलग रस्ता नाही. सायकलस्वारांना लहान होडीतून पुढे सोडतात. होडीच्या वेळा ऋतूनुसार बदलतात, तेवढे आधी पाहून घ्यावे.

मेल्क ते क्रेम्स हा वाखाऊ खोऱ्याचा टप्पा ३६ किलोमीटरांच्या आसपास आहे, आणि माझी आग्रहाची विनंती अशी की कमी अंतर पाहून तो दुसऱ्या टप्प्याला जोडून टाकू नये. हे खोरे २००० साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. उत्तर काठाला श्पिट्झ, वाइसनकिर्शन, ड्युर्नश्टाइन अशी जुनी गावे लागोपाठ येतात, दक्षिण काठ अधिक शांत आहे. दोन्ही हवे असतील, तर श्पिट्झला किंवा वाइसनकिर्शनला तराफ्यासारख्या नावेतून नदी ओलांडता येते. ही नाव पात्रावर ताणलेल्या तारेला बांधलेली असते आणि इंजिनाशिवाय, केवळ प्रवाहाच्या रेट्याने पलीकडे जाते. उताराची जी शक्ती आपल्या सायकलला उपयोगी पडली नाही, ती तेथे काम करताना पाहायला मिळते.

प्रश्न : नदीकाठचा रस्ता सपाट असतो हे मान्य, पण पाहण्याजोगे मठ आणि किल्ले नेहमी उंचावरच असतात. शिवाय जुन्या गावांतील दगडी रस्त्यांवर अरुंद टायरच्या सायकलीचे काय होते? मागच्या प्रवासात माझे दोन टायर एकाच दिवशी गेले.

उत्तर : आपल्या तक्रारीचे मूळ त्या गावांच्या इतिहासात आहे. नदी हा व्यापाराचा रस्ता होता, म्हणून बाजारपेठ धक्क्यालगत वसली. आणि त्या रस्त्यावर लक्ष ठेवायचे, जकात वसूल करायची, पुरापासून वाचायचे, म्हणून सत्ता कड्यावर जाऊन बसली. मेल्कच्या टेकडीवर बेनेडिक्टाइन पंथाचे ख्रिस्ती साधू १०८९ पासून राहत आहेत. आज दिसणारी बरोक शैलीची भव्य इमारत याकोप प्रांटाउअर या वास्तुकाराच्या आराखड्यानुसार १७०२ मध्ये सुरू झाली. ड्युर्नश्टाइनच्या गडावर इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड ११९२-९३ च्या हिवाळ्यात कैदेत होता. तिसऱ्या धर्मयुद्धाहून परतताना तो ऑस्ट्रियाचा ड्यूक पाचवा लेओपोल्ड याच्या हाती सापडला होता. १६४५ मध्ये स्वीडिश सैन्याने तो गड उद्ध्वस्त केला. तेथील पायवाट सायकलची नाही. गावात सायकल कुलपात ठेवून, पेडलला अडकणारे सायकलचे बूट बदलून, पायी चढावे. मेल्कलाही मी तसेच करीन, कारण अखेरचा चढ आणि फरशी मिळून रोड बाइकचा आनंद काही उरत नाही.

लिंझ आणि ग्राइन यांच्यामध्ये लागणाऱ्या माउटहाउझन या गावाचा उल्लेख वेगळा करायला हवा. तेथे १९३८ ते १९४५ या काळात नाझींची छळछावणी होती. व्हिएन्नाच्या रस्त्यांसाठी ज्या खाणींतून पूर्वीपासून दगड जात होता, त्यांच्याच शेजारी ती उभारली गेली, आणि कैद्यांना खाणीतून वर जाणाऱ्या १८६ पायऱ्या पाठीवर दगड घेऊन चढाव्या लागत. स्मारक गावाच्या वर टेकडीवर आहे. चढ अवघड आहे, तरी अर्धा दिवस काढून जावे. त्यानंतर व्हिएन्नातील जुन्या रस्त्यांचा दगड नुसता अडथळा म्हणून पाहता येत नाही.

टायरांविषयी. दोन टायर एकाच दिवशी जाण्याचे सर्वांत संभाव्य कारण म्हणजे दगडाच्या धारेवर टायर दबून आतली ट्यूब रिमच्या कडेखाली चिमटली जाणे. अशा वेळी ट्यूबला शेजारी-शेजारी दोन छिद्रे पडतात. पुढच्या वेळी ती पाहा. अरुंद टायरमध्ये हवा कमी ठेवली की हे होते, आणि जास्त ठेवली की हाडे खिळखिळी होतात. या पेचातून सुटण्याचा मार्ग रुंदीचा आहे. फ्रेममध्ये जागा असेल, तर ३२ मिलिमीटरचे टायर घ्यावेत. नसेल, तर निदान २८ चे. डांबरावर त्यामुळे होणारी वेगाची हानी नगण्य असते. दगडी रस्त्यावर जड गियरमध्ये, खोगिरावरून किंचित उठून, हँडल सैल धरून जावे. तो ओला असेल, तर वळणावर ब्रेक लावू नये; वळणाच्या आधीच वेग कमी करावा. लुआरकाठच्या मार्गावर मधूनमधून दाबलेल्या खडीचे तुकडेही येतात, तेथेही रुंद टायरच उपयोगी पडतात.

प्रश्न : तेथे भाड्याने सायकल घेण्याचा विचार आहे. वाहतूक उजवीकडून असते, याखेरीज काय सांभाळावे?

उत्तर : ब्रेक. युरोपच्या मुख्य भूमीवर पुढच्या चाकाचा ब्रेक बहुधा डाव्या हाताला असतो आणि मागचा उजव्या हाताला. आपल्या हातांना नेमकी उलट सवय असते. सायकल ताब्यात घेताच दुकानासमोर चार फेऱ्या मारून दोन्ही ब्रेक वेगवेगळे दाबून पाहा, आणि सवय मोडणार नाही असे वाटत असेल, तर दुकानदाराला तारा बदलून द्यायला सांगा. तारेवर चालणाऱ्या ब्रेकमध्ये हे काम थोड्या वेळाचे असते.

नियमांपैकी दोन लक्षात ठेवावेत. ऑस्ट्रियात आणि जर्मनीत निळ्या गोल फलकावर सायकलचे चित्र असेल, तर तो मार्ग वापरणे सक्तीचे असते. फ्रान्समध्ये वस्तीबाहेर रात्री किंवा कमी उजेडात सायकल चालवताना प्रकाश परावर्तित करणारे जाकीट अंगावर असावेच लागते. रेल्वेत सायकल न्यायची असल्यास तिचे तिकीट बहुधा वेगळे असते, आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांत तिची जागा सहसा आधीच राखून ठेवावी लागते.