धर्मशाळेच्या खोलीवर स्लॅब टाकू द्यायचा का?

महागाव तालुक्यातून एका मंदिर ट्रस्टच्या सचिवांचा प्रश्न आलाय. जुलै २०२३ च्या पुरात घरं गेलेली पाच कुटुंबं मंदिर, बुद्धविहार अन् दर्गा कमिटी अशा तिघांनी मिळून ठेवून घेतली, किराणा बी वाटून घेतला. चार आपापल्या मार्गाला लागली, एक अजून धर्मशाळेच्या दोन खोल्यांत आहे. आता घरधनी म्हणतो टिनं काढून माझ्या पैशानं स्लॅब टाकतो. सचिव विचारतात, बारा वर्षं झाली की जागा त्याची होते का?

भाऊ, बारा वर्षांचं डोक्यातून काढा. हे मला दर महिन्याला कोणी ना कोणी विचारतंच. तुम्ही स्वतः बोलावून ठेवलंय, परवानगीनं राहणाऱ्याचा कब्जा तुमच्याविरुद्ध धरत नाहीत. तुम्हाला अडकवणार तो स्लॅब.

इझमेंट अ‍ॅक्ट १८८२, कलम ६०. परवानगीनं राहणाऱ्यानं त्याच परवानगीच्या भरवशावर पक्कं बांधकाम केलं अन् खर्च स्वतः केला, की परवानगी मागे घेता येत नाही. ती तोंडी होती असं म्हणून सुटका नाही, परवानगी वागणुकीतूनही धरली जाते, आणि तुम्ही समोर उभं राहून सेंट्रिंग पाहिलं तर वागणूक अजून काय असते? १९८७ च्या राम सरूप गुप्ता विरुद्ध बिशुन नारायण इंटर कॉलेज या निकालात शाळेनं मिळालेल्या जागेवर पक्कं बांधकाम केलं होतं, पुढं जागा दुसऱ्यानं विकत घेतली तरी सुप्रीम कोर्टानं शाळेला हलवू दिलं नाही. पण त्याच निकालात हेही आहे की दोघांनी उलट ठरवलं असेल तर ते चालतं. तुमचा रस्ता तेवढाच आहे.

म्हणून स्लॅबच्या आधी कागद. राहणं तात्पुरतं, बांधकाम ट्रस्टचं, सांगितल्यावर खोली सोडणार, असं लिहून दोघांच्या सह्या, अन् ट्रस्टच्या मीटिंगचा ठराव. त्याहून बरं म्हणजे पैसा तिन्ही कमिट्यांनी उभा करावा, सिमेंट-लोखंडाची बिलं ट्रस्टच्या नावानं घ्यावी. पहिल्याच दिवशी एक साधा कागद केला असता तर आज हा प्रश्नच नव्हता, पण "गावातलीच माणसं आहेत" म्हणून कोणी लिहीत नाही, मग माझ्याकडे येतात.

तुम्ही महिन्याला काही रक्कम घेत असाल अन् पावतीवर "भाडे" लिहिलं असेल तर तो भाडेकरू, म्हणजे लीजवाला, असल्याचं म्हणू शकतो अन् गोष्ट थोडी बदलते, पावत्या पाहिल्याशिवाय सांगत नाही. पब्लिक ट्रस्ट अ‍ॅक्टच्या कलम ३६ प्रमाणे इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीनं लीजवर द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते, म्हणून हा "भाडे" शब्द विश्वस्तांनाही महागात पडू शकतो. दर्ग्याची जागा वक्फची असेल तर तिथले नियम वेगळे, त्या कमिटीनं आपला वकील गाठावा.

आणि रागाच्या भरात कुलूप बदलू नका. जबरदस्तीनं काढलं तर तो सहा महिन्यांच्या आत स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्टच्या कलम ६ खाली दावा टाकून ताबा परत मागू शकतो, अन् तुम्ही दावा टाकायचा म्हटलं तर तालुका कोर्टात तारखांवर तारखा, त्यात तुमची अर्धी कमिटी म्हातारी होईल.

तो माणूस काही लबाड दिसत नाही, पावसात टिनं गळतात म्हणून करून राह्यला बिचारा. त्याचं नाव घरकुलाच्या यादीत आहे पण जागा नाही असं तुम्हीच लिहिलंय. मग पंचायत समितीत दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजनेचा अर्ज भरून द्या, जागेसाठी मदत मिळते, अन् ती त्याच्या नावावर होते. तिन्ही कमिट्यांनी मिळून ग्रामसेवकाच्या मागं लागलात तर लवकर होईल, एकट्याला कोणी विचारत नाही.

तोवर सेंट्रिंगचं सामान आलंच तर त्याच दिवशी लेखी हरकत द्या, पोच घ्या अन् एक प्रत ग्रामपंचायतीत द्या. तोंडी सांगून घरी जाऊ नका.