तमिळ गाण्यांतले राग ओळखायचेत? इथून सुरू कर

अरे लगेच ७२ मेळकर्त्यांचा (कर्नाटक संगीतातल्या मूळ रागांचा) तक्ता पाठ करत बसू नकोस, कंटाळून सोडशील. यमन, भूप, मालकंस आपल्या कानात असतातच, तर त्यांचेच कर्नाटकी जोडीदार कल्याणी, मोहनम, हिंदोळम आधी घे, सूर तेच पण गमकं (सुरांना दिलेले हेलकावे) एकदम वेगळी आणि खरी मजा तिथेच आहे. मग १९८५ चा दिग्दर्शक बालचंदरांचा 'सिंधु भैरवी' सिनेमा बघच बघ. संगीतकार इळैयाराजांनी त्यात 'कलैवाणिये' हे गाणं कल्याणीच्या नुसत्या आरोहावर (चढत्या सुरांवर) बांधलंय, काय डोकं आहे माणसाचं! आणि कर्नाटक संगीतातले थोर रचनाकार त्यागराज यांची 'मरि मरि निन्ने' ही रचना मूळ कांभोजी रागातली, या सिनेमात सारमती रागात आहे, दोन्ही लागोपाठ ऐक. बाकी सिनेमाच्या गाण्यात रागाबाहेरचा परका सूर मध्येच येतो, तेव्हा गोंधळू नकोस, आधी सा पक्का धर.