आजोबांनी अबोलीसाठी दिलेला शब्द

लाडक्या बाय,

तुझा निरोप दोनदा ऐकला. आजीच्या दहाव्याला कावळा शिवेना, तेव्हा आजोबा पिंडाला हात जोडून अबोलीबद्दल काय बोलत होते, आणि ते अजून रडले कसे नाहीत, असं विचारलंयस.

गेलेल्याचा जीव कशात अडकला असेल तर कावळा पिंडाला शिवत नाही, असं आपल्यात मानतात. मग घरातलं कोणी शब्द देतं. फारच खोळंबा झाला तर भटजी दर्भाचा कावळा करून शिववतात. कावळ्याला काय कळतं, देव जाणे. पण चार माणसांत आजोबा आजीशी कधी धड दोन शब्द बोलल्याचं मला आठवत नाही. ते सगळ्यांदेखत म्हणाले, 'तुझ्या अबोलीला मी पाणी घालीन.' आणखी काय रडायचं माणसानं?

शाळेत बाईंनी दुःखाच्या पाच पायऱ्या शिकवल्या, म्हणून आजोबा कितवीवर, असंही विचारलंस. नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस या डॉक्टरबाईंनी 1969 साली त्या मांडल्या, पण मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना त्या नंतर लावल्या गेल्या. त्या ओळीनं चढाव्या लागत नाहीत. काही येतात, काही येतच नाहीत, एखादी परत फिरून येते.

पडवीत बसून आजोबा येणाऱ्या प्रत्येकाला तीच हकिगत सांगतात, याचा तुला कंटाळा आला ना? मी फोनवर ऐकत होतो. पहिल्या दिवशी ते म्हणाले, 'ती पेजेत मीठ कमी घालते.' आठव्या दिवशी म्हणाले, 'घालायची.' सुतकात घरात फोडणी नाही, शेजारची काकी डबा आणणार, लोक येऊन बसणार, निघताना 'येतो' न म्हणता उठणार. त्या दहा दिवसांत आजोबांकडून कसलीच अपेक्षा नव्हती, फक्त सांगत बसायचं.

मला इथे मस्कतमध्ये ते मिळालं नाही. रजा नाकारली. आंघोळ केली आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेलो. डोळ्यांत टिपूस नाही, मलाच माझी लाज वाटली. तीन आठवड्यांनी आमटी करायला कोकमाच्या सोलांची पिशवी काढली. आजीनं तिचं तोंड पांढऱ्या दोऱ्यानं शिवून दिलं होतं, शेवटी तिची ती दुहेरी गाठ. कात्री हातात होती, पण कापवेना. आमटी करपली. खोलीतल्या मित्रानं गॅस बंद केला, बिचारा काही बोलला नाही. ती पिशवी अजून तशीच आहे.

यंदा दिवाळीला आपल्याकडे कंदील नाही, फराळही काकीच देईल. वाईट वाटलं तर वाटू दे.

आणि एक काम कर. आजोबांना झाडांतलं काही कळत नाही, ते दोन्ही वेळा पाणी घालणार. अबोलीच्या कुंडीत पाणी साचलं तर हळूच ओतून टाक. त्यांना सांगू नकोस.

तुझा,
बाबा