बेलग्रेडचा संघ, फुएन्लाब्रादाचं मैदान

मागच्या अंकात ‘होम कोर्ट’विषयी, म्हणजे संघाच्या घरच्या मैदानाविषयी, लिहिताना एक वाक्य मी जाता जाता लिहून गेले होते : १९९१-९२ च्या मोसमात बेलग्रेडचा पार्टिझान क्लब बास्केटबॉलमध्ये युरोपचा विजेता झाला, तोही अंतिम सामन्यातल्या शेवटच्या शॉटवर, आणि त्या वर्षी घरचे जवळजवळ सगळे सामने तो स्पेनमध्ये खेळला. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यालाच देते. माझ्या फार जवळचा मोसम आहे हा.

ताई, घरचे सामने परक्या देशात कसे? आणि पार्टिझानलाच का? मी मित्रांना हे सांगितलं, तर कोणी विश्वास ठेवेना.
– एक महाविद्यालयीन खेळाडू, कोल्हापूर

विश्वास न बसण्यासारखंच आहे ते. कारण युद्ध. १९९१ च्या जूनमध्ये स्लोव्हेनिया आणि क्रोएशियाने युगोस्लाव्हियातून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं, आणि पुढच्या काही महिन्यांत क्रोएशियात लढाई पेटली. नोव्हेंबरमध्ये तोफांनी भाजून निघालेलं व्हुकोव्हार शहर पडलं. नेमक्या त्याच दिवसांत युरोपियन लीगचा नवा मोसम सुरू होत होता. आधी प्रत्येक देशाचा फक्त विजेता क्लब या स्पर्धेत यायचा. त्या वर्षापासून एका देशाचे अनेक क्लब खेळू लागले : सोळा संघ, आठ-आठांचे दोन गट, प्रत्येकाचे चौदा साखळी सामने, त्यातले सात घरी.

सोळांतले तीन क्लब युगोस्लाव्हियाच्या भूमीतले. सर्बियातल्या बेलग्रेडचा पार्टिझान, क्रोएशियातल्या झाग्रेबचा सिबोना आणि क्रोएशियातल्याच स्प्लिटचा क्लब, ज्याने १९८९, १९९० आणि १९९१ असं लागोपाठ तीन वर्षं हेच विजेतेपद मिळवलं होतं. फीबाने, म्हणजे आंतरराष्ट्रीय संघटनेने, निर्णय दिला की या तिघांनी घरचे सामने देशाबाहेर खेळायचे. तिघंही स्पेनला गेले. स्प्लिट अगदी वरच्या टोकाला आ कोरुन्यात, सिबोना पार दक्षिणेला कादिसजवळच्या पुएर्तो रेआलमध्ये आणि पार्टिझान माद्रिदजवळ फुएन्लाब्रादात. मायदेशी ज्यांच्यात बंदुका चालल्या होत्या, त्या दोन्ही बाजूंचे क्लब एकाच देशात पाहुणे म्हणून राहिले. मी नकाशा उघडून ही तीन गावं पहिल्यांदा शोधली, तेव्हा बराच वेळ बोट तिथेच ठेवून बसले होते.

फुएन्लाब्रादा म्हणजे माद्रिदच्या दक्षिणेचं कामगारांचं शहर. सकाळी लोक राजधानीत कामाला जायचे, रात्री झोपायला परत यायचे. गावाला नवं कोरं इनडोअर स्टेडियम मिळालं होतं, पण पहिल्या श्रेणीत खेळणारा स्वतःचा संघ तेव्हा नव्हता. स्टेडियमला नाव दिलं होतं फेर्नांदो मार्तिनचं. अमेरिकेच्या एनबीए लीगमध्ये खेळलेला पहिला स्पॅनिश खेळाडू तो, रेआल माद्रिदचा लाडका. १९८९ च्या डिसेंबरमध्ये, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, मोटार अपघातात गेला. त्याच्या नावाच्या त्या नव्या स्टेडियममध्ये बेलग्रेडहून पोरं येऊन उभी राहिली. पोरंच म्हणायला हवीत. संघाचा सूत्रधार अलेक्सांदर जोर्जेविच चोवीस वर्षांचा, त्याचा जोडीदार प्रेद्राग दानिलोविच एकवीस-बावीसचा, उंचपुरा झेल्को रेब्राचा एकोणीसचा. एकही अमेरिकन खेळाडू नाही. प्रशिक्षक झेल्को ओब्रादोविच एकतीस वर्षांचा, १९९१ च्या उन्हाळ्यापर्यंत याच क्लबचा खेळाडू असलेला. कालपर्यंत ज्यांच्याबरोबर पळायचा, त्यांनाच आता सूचना देत होता.

फुएन्लाब्रादाच्या लोकांनी या संघाला आपलं म्हटलं. भाषा येत नव्हती, नावं उच्चारता येत नव्हती, तरी स्टेडियम त्यांच्या बाजूने ओरडायचं. पार्टिझानच्याच गटात दोन स्पॅनिश क्लब होते, माद्रिदचा एस्तुदियान्तेस आणि बार्सिलोनाजवळच्या बादालोनाचा जुव्हेन्तुत. तेही तिथे आले, आणि तरी गाव पाहुण्यांच्याच बाजूने उभं राहिलं. ‘फुएन्लाब्रादाचा पार्टिझान’ हा शब्दप्रयोग स्पेनमध्ये आजही जुन्या बास्केटबॉल-वेड्यांना कळतो. सांगायला गेलं तर त्या लोकांना यातून काहीच मिळणार नव्हतं. उद्या हा संघ आपल्या देशी निघून जाणार, हे शाळकरी मुलालाही ठाऊक होतं. तरी ते तिकीट काढून आले. मला या सगळ्या मोसमात त्या लोकांचं मोल सर्वांत जास्त वाटतं, जोर्जेविचपेक्षाही.

साखळीत पार्टिझान आपल्या गटात चौथा आला, म्हणजे पुढे जाणाऱ्यांतला शेवटचा. उपांत्यपूर्व फेरीत गाठ पडली दुसऱ्या गटातल्या इटलीच्या बोलोन्या क्लबशी, तीनपैकी दोन जिंकायचे. आणि इथे फीबाने पहिला सामना बेलग्रेडमध्ये खेळायला परवानगी दिली. युरोपियन लीगच्या पूर्ण मोसमातला घरच्या मातीवरचा हा एकच सामना. पिओनिर हॉलमध्ये तो त्यांनी जिंकला. बोलोन्यात दुसरा हरले आणि तिसरा पुन्हा बोलोन्यातच जिंकला. या पिओनिर हॉलला २०१६ पासून अलेक्सांदर निकोलिच यांचं नाव आहे. त्या वर्षी ओब्रादोविचच्या पाठीशी सल्लागार म्हणून जे म्हातारे गुरुजी होते, तेच हे निकोलिच. इटलीच्या व्हारेझे क्लबला तीनदा युरोपचं विजेतेपद मिळवून दिलेले. पोरसवदा प्रशिक्षक आणि सदुसष्ट वर्षांचा गुरू अशी ती जोडी होती.

ताई, तुम्ही लिहिलेल्या त्या शेवटच्या शॉटचा व्हिडिओ मी पाहिला. दोन पॉइंटने मागे असताना पळता पळता थ्री पॉइंटर (लांबच्या रेषेबाहेरून तीन पॉइंटचा शॉट) मारणं चूक आहे, असं आमचे सर म्हणतात. टाइमआउट घेऊन प्ले, म्हणजे ठरवलेली चाल, लावायला नको होता का?
– इयत्ता दहावीतली खेळाडू, नाशिक

तुझ्या सरांचं म्हणणं आधी मान्य करते. जिल्ह्याच्या सामन्यात तू तसा शॉट मारलास, तर मीही तुला बाकावर बसवीन. पण त्या रात्री काय घडलं, ते नीट बघू.

१६ एप्रिल १९९२, इस्तंबूलचं अब्दी इपेकची स्टेडियम. दोन दिवस आधी उपांत्य सामन्यात पार्टिझानने मिलानला ८२-७५ असं हरवलं होतं, आणि जुव्हेन्तुतने एस्तुदियान्तेसचा ९१-६९ असा फडशा पाडला होता. अंतिम सामन्यात शेवटपर्यंत कोणीच सुटून पुढे गेलं नाही. दहा सेकंदांहूनही कमी वेळ उरला असताना जुव्हेन्तुतच्या तोमास जोफ्रेसाने आत घुसून बास्केट केलं : ७०-६८. बादालोनाची माणसं नाचायला लागली.

आता इथे थांबून बघ. बास्केट खाल्ल्यावर चेंडू लगेच आत आला आणि जोर्जेविचच्या हातात पडला. टाइमआउट घेतला असता तर काय झालं असतं? जुव्हेन्तुतच्या पाचही जणांना श्वास घेता आला असता, कोणी कोणाला धरायचं ते ठरलं असतं आणि जोर्जेविचवर दोन माणसं आली असती. न थांबल्यामुळे त्यांचा डिफेन्स उलटा पळत होता. उलट पावली पळणारा डिफेन्स कधीच पूर्ण जागेवर नसतो. जोर्जेविच उजव्या बाजूने ड्रिबल करत पुढे गेला, जोफ्रेसा त्याला अगदी चिकटून होता. थ्री पॉइंट लाइनबाहेर (तेव्हा ती ६.२५ मीटरवर होती, आज ६.७५ वर आहे) त्याने उडी घेतली. अंग सरळ नव्हतं, पाय नीट रोवलेले नव्हते. चेंडू मात्र सरळ आत गेला. ७१-७०. उरलेल्या क्षणांत जुव्हेन्तुतला काही करता आलं नाही.

आणखी एक गोष्ट पाहा, जी व्हिडिओच्या तुकड्यात दिसत नाही. पार्टिझानच्या ७१ पॉइंटपैकी दानिलोविचचे २५ आणि जोर्जेविचचे २३. म्हणजे शेवटचा चेंडू ज्याच्याकडे गेला, तो सामनाभर संघ ओढत आलेल्या दोघांपैकी एक होता. सर्वोत्तम खेळाडूचा मान दानिलोविचला मिळाला, हे अनेकांच्या लक्षातही नसतं. शॉट लक्षात राहतो.

माझ्याकडच्या मुलींना मी हा व्हिडिओ दाखवते तेव्हा आवाज बंद करते आणि जोर्जेविचकडे बघू नका असं सांगते. उरलेल्या चौघांकडे बघा. चौघंही आपापल्या जागी पुढे पळत होते, म्हणून मधली वाट मोकळी राहिली. तू सरांबरोबर बसून तेवढंच एकदा बघ.

पुढे या मुलांचं काय झालं? युद्ध तर वाढतच गेलं ना?
– एक सेवानिवृत्त शिक्षक, पुणे

हो. अंतिम सामना झाला तेव्हा बोस्नियात युद्धाला तोंड फुटून जेमतेम दहा दिवस झाले होते. त्या वर्षी पार्टिझानने मायदेशातली लीग आणि कपही जिंकला. आणि मे महिन्याच्या ३० तारखेला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने निर्बंध घातले, त्यात खेळही आले. युरोपचा विजेता संघ पुढच्या मोसमात विजेतेपद राखायला उतरूच शकला नाही. त्याच उन्हाळ्यातल्या बार्सिलोना ऑलिंपिकमधूनही युगोस्लाव्हियाचा संघ बाद झाला. योगायोग असा, की त्या ऑलिंपिकचं बास्केटबॉल बादालोनात झालं, म्हणजे इस्तंबूलला हरलेल्या जुव्हेन्तुतच्या गावी.

निर्बंध राजकारणातल्या माणसांच्या कृत्यांमुळे आले आणि बोस्नियाच्या राजधानीत, सराएवोत, जे चाललं होतं त्यापुढे एका चषकाची किंमत शून्य, हे मला मान्य आहे. तरी बावीस वर्षांच्या मुलाचं ते वर्ष परत येत नाही, याचं वाईट वाटल्याशिवाय राहत नाही.

कोण कुठे गेलं, ते पाहण्यासारखं आहे. दानिलोविच गेला बोलोन्याला, ज्यांना त्याने उपांत्यपूर्व फेरीत हरवलं होतं. जोर्जेविच गेला मिलानला, ज्यांना उपांत्य फेरीत हरवलं होतं. आणि १९९३ मध्ये ओब्रादोविचला बोलावलं जुव्हेन्तुतने, ज्यांच्या हातून चषक त्याने शेवटच्या क्षणी काढून घेतला होता. ज्याने आपल्याला रडवलं, त्यालाच घरी बोलावून शिकव म्हणणं, याला मोठं मन लागतं. १९९४ मध्ये तेल अवीवला अंतिम सामन्यात जुव्हेन्तुत ग्रीसच्या ऑलिंपियाकोसविरुद्ध शेवटच्या मिनिटात मागे होता. कॉर्नी थॉम्पसनने थ्री पॉइंटर मारला आणि ५९-५७ ने बादालोनाला विजेतेपद मिळालं. ओब्रादोविचच्या नावावर आज अशी नऊ विजेतेपदं आहेत, पाच वेगवेगळ्या क्लबांबरोबर. नववं मिळालं २०१७ मध्ये तुर्कस्तानच्या फेनेरबाह्चेबरोबर, पुन्हा इस्तंबूलमध्येच.

ताई, आमच्या शाळेच्या कोर्टवर दीड वर्षापासून बांधकामाचं सामान पडलं आहे. मुलांना घेऊन मी आठ किलोमीटरवरच्या दुसऱ्या गावी सरावाला जातो. मुलं ‘आपलं कोर्टच नाही’ म्हणून हिरमुसतात. काय करू?
– एक क्रीडाशिक्षक, सांगली जिल्हा

सर, आमच्यावरही एका हंगामात हीच वेळ आली होती, म्हणून तुमचं पत्र दोनदा वाचलं. सामान हलवण्यासाठी अर्ज करत राहाच. तोवर तीन गोष्टी सांगते, माझ्या अनुभवातून आलेल्या.

त्या दुसऱ्या गावातल्या मुलांना सरावाला बोलवा. चेंडू परत आणून द्यायला, गुण लिहायला, जमलं तर अर्धा तास खेळायलाही. महिन्याभरात त्यांना तुमच्या मुलांची नावं पाठ होतील, आणि जिल्हा स्पर्धेच्या आधी तिथे एक सराव सामना ठेवलात तर कडेला ओरडणारं कोणीतरी असेल. आमच्या वेळी त्या गावातली एक आजी रोज शेंगदाणे घेऊन यायची आणि आमच्या सेंटरला ‘लंबू’ म्हणून हाक मारायची. मुलींना त्या हाकेनेच ते मैदान ओळखीचं झालं.

दुसरं, जाण्यायेण्याचा वेळ वाया घालवू नका. टेम्पोत त्या दिवशीचा सराव तोंडी सांगा, म्हणजे उतरल्या उतरल्या चेंडू हातात येईल.

आणि तिसरं, उद्याच जाल तेव्हा मोजायची टेप बरोबर न्या. गावोगावच्या रिंगा बऱ्याचदा एक-दोन इंच खाली झुकलेल्या असतात आणि फ्री थ्रोची रेघ अंदाजाने मारलेली असते. जमिनीपासून रिंग ३.०५ मीटर आणि बोर्डच्या रेषेपासून फ्री थ्रो लाइन ४.६० मीटर भरते का, ते मुलांकडूनच मोजून घ्या. कमी-जास्त भरलं तर रिंग वर करायला सरपंचांना भेटा, आणि रेघ चुन्याने मुलांनाच नव्याने मारू द्या.