मधलं नाव बारशाआधी पक्कं कर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

बाळाचं नाव काय ठेवायचं यावर तुमच्या घरात आत्यापासून पणजीपर्यंत सगळ्यांचं मत असणार. मधल्या नावावर मात्र कुणी बोलणार नाही, कारण आपल्यात ते ठरलेलंच असतं: बापाचं नाव. घोळ नेमका तिथंच होतो. नाव ठरलेलं असलं तरी ते लिहायचं कसं, हे ठरलेलं नसतं. आणि बेळगाव, खानापूर, निपाणीकडे एकच नाव मराठी, कानडी आणि इंग्रजी अशा तीन लिप्यांतून फिरतं.

समज, बापाचं नाव ज्ञानेश्वर. मराठी माणूस इंग्रजीत ते डी-एन-वायने सुरू करतो. कानडी वळणाचा कारकून जे-एनने करतो, कारण कानडीत ‘ज्ञ’ आपल्यासारखा ‘द्न्य’ वाजत नाही. यल्लाप्पा घे. आपण ‘ल्ला’ला काना देतो, कानडीत तो ऱ्हस्व, आणि इंग्रजीत वायनंतर ए की ई यावर दोन कागदांचं एकमत नाही. महादेवची तर गंमतच. आपण शेवटचा ‘अ’ गिळतो. कानडीत ‘व’चा पाय मोडला नाही तर तो ‘महादेवा’सारखा वाचतात, आणि कानडीवरून इंग्रजी केलं की शेवटी एक जादा ‘ए’ चिकटतो. संगणकाच्या लेखी ही दोन वेगळी माणसं.

म्हणून आधी स्वतःचे कागद काढ: आधार, पॅन, एसएसएलसीचं (कर्नाटकातल्या दहावीचं) प्रमाणपत्र, शेताचा उतारा. चारही शेजारी ठेवून एकेक अक्षर ताड. फरक निघाला तर एसएसएलसीचं स्पेलिंग प्रमाण धर. ते बदलणं सगळ्यात अवघड, आणि आधार दुरुस्तीला तोच कागद पुरावा म्हणून चालतो. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, तेव्हा घाईत एक संधी वाया घालवू नकोस. हे काम डोहाळजेवणाच्या आधी उरकायचं. बाळंतपणानंतर कुणाला फुरसत नसते, आणि जन्मनोंदीच्या फॉर्मवर आता आईबापाचे आधार क्रमांक मागतात. बायकोच्या आधारवर माहेरचं नाव आहे की सासरचं, तेही आत्ताच बघ.

एवढी काटेकोरी का? जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातली दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. त्या दिवसापासून जन्मलेल्या मुलांना शाळा, आधार, पासपोर्ट, लायसन्स, मतदार यादी, सगळीकडे जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो. तिथं चुकलेलं अक्षर पुढं सगळीकडे जातं.

जन्म २१ दिवसांत नोंदवायचा, आणि जिथं जन्म झाला तिथंच. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि माहेर चंदगड-गडहिंग्लजकडे असेल तर दाखला महाराष्ट्राचा निघणार. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने मुलाच्या नावापुढं आधी आईचं, मग वडिलांचं नाव लावायचा निर्णय घेतला. तो तिकडच्या सरकारी कागदांसाठी, आपल्या कर्नाटकातल्या शाळेला त्याचं बंधन नाही. तेव्हा तिकडे नावाच्या रकान्यात नक्की काय गेलं, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघ. आईचं नाव लावायचं असेल तर जरूर लाव, छानच आहे. पण मग धाकट्यालाही तसंच, आणि चार शब्दांतला मधला कोणता हे प्रत्येक खिडकीवर सांगायची तयारी ठेव.

नाव ठरलं नसेल तर रकाना कोरा सोड. ‘तात्पुरतं’ नाव घालू नकोस, दवाखान्याच्या केसपेपरवरचं ‘बेबी ऑफ’ही तिथं जाऊ देऊ नकोस. कोऱ्या रकान्यात नोंदीपासून १२ महिन्यांत नाव फुकट चढवता येतं, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. एकदा नाव चढलं की मात्र लेखनातली चूक असल्याचं पुराव्यानिशी दाखवावं लागतं. ‘आता दुसरं आवडलं’ ही चूक धरत नाहीत.

वडिलांच्या नावाला दाखल्यावर वेगळा रकाना असतो, म्हणून बरेच जण बाळाच्या रकान्यात नुसतं ‘अथर्व’ लिहून मोकळे होतात. माझं मत, तिन्ही शब्द लिही. पॅनला मधल्या नावाची स्वतंत्र जागा आहे. पासपोर्टला नाव आणि आडनाव असे दोनच रकाने, मधलं नाव पहिल्यात जातं. आधारला सगळं एका ओळीत. दाखल्यावर पूर्ण नाव असलं की कुठं काय घालायचं यावर वाद उरत नाही. शाळेत ‘अथर्व डी. पाटील’ अशी आद्याक्षरं लिहायला लागले तर तिथंच थांबव. अर्ध्या गावाचं आडनाव पाटील असताना वारसा नोंदीच्या वेळी माणूस ओळखू येतो तो बापाच्या नावावरूनच.

राशीचं नाव पत्रिकेत राहू दे, मधे घुसवू नकोस. मुलगी झाली तरी हीच पद्धत. लग्नानंतर मधलं नाव बदलायची रीत आहे, कायदा नाही.

शेवटी एका चिठ्ठीवर बाळाचं पूर्ण नाव तिन्ही लिप्यांत लिही, फोटो काढून बायकोच्या आणि मेव्हण्याच्या मोबाईलवर पाठव, कारण दवाखान्यात फॉर्म भरायला बहुतेक तोच असेल. कानडी ओळ कानडी वाचणाऱ्याकडून मोठ्यानं वाचून घे. ‘महादेवा’ ऐकू आलं तर ‘व’चा पाय मोडायला सांग.